तीन कडुलिंब आणि पार्किंगचं एस्टिमेट

बडोद्यात मी अंगणं, पार्किंग, फरसबंदीची कामं घेतो. गेल्या मे महिन्यात दांडिया बाजाराजवळच्या एका जुन्या सोसायटीनं बोलावलं. तीन कडुलिंब काढायचे, सगळीकडे पेव्हर ब्लॉक, नऊ गाड्यांची सोय. माप घेताना बघतो तर सोसायटीच्या झाडून सगळ्या स्कूटर कडुलिंबाखालीच दाटीवाटीनं उभ्या!

निमूट एस्टिमेट दिलं असतं तर चार पैसे जास्त सुटले असते. पण दुपारी अडीचला मला खुमखुमी आली. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर काढला आणि सेक्रेटरीकाकांना दाखवलं: समोरच्या इमारतीच्या आवारातले उन्हातले पेव्हर ब्लॉक ५९ अंश, आपल्या झाडाखालची माती ३७.

काका बँकेतून रिटायर झालेले, आकड्यांना भुलणारे नव्हेत. "हे जमिनीचं झालं. हवेचं सांग."

साधा थर्मामीटर दोन्हीकडे टांगला. फरक जेमतेम दीड अंश.

"दीड अंशापायी नऊ गाड्या सोडू? गारवा खायला कमाटीबाग आहे की!"

बोलती बंद. एकट्या झाडानं गार केलेली हवा वारा तिथल्या तिथे पांगवतो, हे खरंच. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीकाठी वसवलेली शंभरावर एकरांची बाग वेगळी. पण तिचाही गारवा दांडिया बाजारातल्या खिडकीपर्यंत कुठला येतो? पानांतून लिटरभर पाण्याची वाफ होताना विजेच्या पाऊण युनिटाला थोडी कमी एवढी उष्णता खर्ची पडते, हे सांगू लागलो तर काका घड्याळ बघू लागले.

रात्री नऊला न बोलावता परत गेलो. तळमजल्यावरच्या आजी ओट्यावर बसल्या होत्या. मी पश्चिमेच्या भिंतींवर थर्मामीटर रोखला. समोरची, दिवसभर ऊन खाल्लेली, अजून ४१. आपली, कडुलिंबाआडची, ३४. काकांना आकडे सांगितलेच नाहीत. म्हटलं, दोन्ही भिंतींना हात लावून बघा. समोरच्या भिंतीवर त्यांचा हात बराच वेळ राहिला. त्यांची निजायची खोली आपल्या भिंतीमागेच होती.

पश्चिमेचे दोन कडुलिंब राहिले. खोडाभोवती चार-चार फूट माती मोकळी सोडली, म्हणजे पाणी मुरेल. गाड्या सहाच मावतात. तिसऱ्या झाडावर नकाशात फुली मीच मारली.

ते पाडलं त्या दिवशी आजींनी विचारलं, "त्यानं काय घोडं मारलं होतं रे बाळा?"

"फाटकाच्या आड येत होतं, आजी."