संस्थेमार्फत कुर्बानी : पैसे पाच मिनिटांत गेले, तारीख मात्र कुणी सांगेना

दुसऱ्या देशातल्या गरजूंपर्यंत मटण पोहोचावं म्हणून यंदा वाजिब (म्हणजे धर्मानं आवश्यक ठरवलेल्या) कुर्बानीचा एक हिस्सा संस्थेमार्फत दिला. नाव, रक्कम, पावती, सगळं पाच मिनिटांत झालं. त्यानंतरचे नऊ दिवस एकाच प्रश्नात गेले : माझ्या नावाचा हिस्सा नेमका कोणत्या दिवशी आणि किती वाजता जिबह होणार, म्हणजे जनावर कापलं जाणार?

कार्यालयाचं उत्तर ठरलेलं होतं : "ईदच्या दिवशी होईल, निर्धास्त राहा." पण कोणाच्या ईदच्या दिवशी? जिथे जनावर होतं तिथे जिलहिजचा (बकरी ईदच्या महिन्याचा) चंद्र आमच्या एक दिवस आधी दिसला होता. म्हणजे त्यांची १० तारीख, ईदची, ही माझी ९. हनफी मसलकात (सुन्नी कायद्याच्या चार परंपरांपैकी एक) साहिबे-निसाब, म्हणजे ठरावीक संपत्ती असलेल्या, माणसावर कुर्बानी वाजिब होते ती १० जिलहिजच्या पहाटेपासून. माझ्यावर अजून वाजिबच झालेलं नसताना माझ्या नावानं जिबह झालं, तर वाजिब उतरलं का? बरेच मुफ्ती (धर्मनियमांवर मत देणारे विद्वान) सांगतात की नाही. जनावराच्या जागेचीच तारीख धरावी असं म्हणणारे आलिमही आहेत. पण सावध मार्ग हाच की दोन्ही ठिकाणी कुर्बानीचे दिवस चालू असायला हवेत.

हिशेब अवघड नाही, फक्त कागदावर मांडावा लागतो. हनफींचे दिवस तीन : १०, ११ आणि १२ च्या सूर्यास्तापर्यंत. (शाफई या दुसऱ्या मसलकाचे लोक १३ च्या सूर्यास्तापर्यंत धरतात.) जनावराची जागा एक दिवस पुढे असेल, तर तिथली ११ आणि १२ म्हणजे आपली १० आणि ११. हे दोन दिवस चालतील, तिथली १० टाळायची. ती जागा एक दिवस मागे असेल तर उलटं : तिथली १० आणि ११ म्हणजे आपली ११ आणि १२. तिथल्या १२ ला आपल्याकडे १३ उजाडलेली असते, म्हणून ती टाळायची.

यात घड्याळही येतं, आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ती जागा आमच्यापेक्षा ५ तास पुढे होती. तिथे ११ ला सकाळी ८ वाजता सुरी फिरली, तर माझ्याकडे १० ची पहाटेचे ३ वाजलेले, फज्र (पहाटेच्या नमाजची वेळ) झालेलीच नाही. म्हणजे माझ्यासाठी तिथल्या ११ ची सकाळही कच्ची, दुपार पक्की. दोन्हीकडे ईद एकाच तारखेला असली तरी पूर्वेकडच्या देशात पहिल्या सकाळी ही अडचण येतेच. पश्चिमेकडे कुर्बानी दिली तर ती शेवटच्या दिवशी येते : तिथे ऊन असतं, पण आपल्याकडे १२ चा सूर्य मावळलेला असतो. खुद्द जनावराच्या गावची अट वेगळी आहे आणि ती सुटत नाही : जिथे ईदची नमाज होते तिथे नमाजआधी जिबह केलेलं जनावर कुर्बानीत धरलं जात नाही, ते नुसतं मटण ठरतं.

हे सगळं मी कार्यालयाला तीनदा कळवलं. पहिल्यांदा "निर्धास्त राहा", दुसऱ्यांदा आभाराचा छापील संदेश, तिसऱ्यांदा "मुफ्तींची परवानगी आहे". कोणत्या परिस्थितीसाठी परवानगी, हे विचारल्यावर फोन दुसऱ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. मला राग आला तो याचा, की लोक इबादतीचा (उपासनेचा) भाग विश्वासानं हातात देतात आणि समोरचा त्याकडे नुसती देणगी म्हणून बघतो. देणगी उद्या पोहोचली तरी देणगीच असते. कुर्बानी वेळेत झाली नाही तर कुर्बानी राहत नाही.

शेवटी उपयोगी पडलं ते विचारणं सोडून अट लिहिणं. कुर्बानी संस्थेमार्फत देणं म्हणजे वकालत, आपल्या वतीनं काम करण्याचा अधिकार देणं, आणि वकिलाला (असा अधिकार घेतलेल्याला) मालकाच्या अटीबाहेर जाता येत नाही. चौथ्या वेळी मी लिहिलं : "पावती क्रमांक अमुक. हा १ हिस्सा वाजिब कुर्बानीचा आहे. तुमच्याकडच्या ११ जिलहिजला जुहरनंतर (दुपारच्या नमाजनंतर) किंवा १२ ला सूर्यास्तापूर्वीच जिबह करण्याची वकालत मी देत आहे. हे शक्य नसेल तर ८ जिलहिजपर्यंत कळवा आणि रक्कम परत करा, म्हणजे मला इथे व्यवस्था करता येईल." रक्कम परत मागितल्यामुळे पत्र हिशेबाच्या टेबलावरून प्रत्यक्ष याद्या करणाऱ्या माणसांकडे गेलं. त्याच संध्याकाळी उत्तर आलं : दुसरी तुकडी, ११ तारीख, जुहरनंतर. ते वाचून किती हलकं वाटलं हे सांगता येणार नाही. तुम्ही हे पत्र पहिल्याच दिवशी, पैसे भरण्याआधी पाठवा.

फॉर्ममध्ये आणखी एक खोट होती. "देणगीदाराचं नाव" हा एकच रकाना. पैसे देणारा आणि ज्याच्या नावानं कुर्बानी व्हायची तो, हे वेगळे असू शकतात. पत्नी स्वतः साहिबे-निसाब असेल (५२.५ तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदी किंवा तेवढ्या किमतीचं गरजेपलीकडचं धन, जकातीसारखं वर्ष उलटावं लागत नाही) तर हनफींच्या मते तिचा हिस्सा स्वतंत्र. नवऱ्यानं स्वतःचा एक बकरा दिला म्हणून तिचं वाजिब उतरत नाही. शाफईंकडे कुर्बानी सुन्नते-मुअक्कदा (वाजिब नाही, पण आवर्जून करायची) आहे आणि एका घरासाठी एक बकरा पुरतो. दुसऱ्याचं वाजिब द्यायचं असेल तर त्याला आधी सांगून होकार घ्या.

प्रकारही लिहून द्या : वाजिब, नफ्ल (ऐच्छिक), मन्नत (नवस) की अकीका (बाळाच्या जन्मानिमित्तची). मन्नतीच्या कुर्बानीचं मटण मन्नत करणाऱ्याला खाता येत नाही, ते सगळं गरिबांचं. मय्यतीनं, म्हणजे वारलेल्या माणसानं, तशी वसीयत (मृत्युपत्र) केली असेल तर तेही तसंच. वसीयतीशिवाय सवाब (पुण्य) पोहोचवायला केलेल्या नफ्लचं मटण खाता येतं.

मोठ्या जनावरात, म्हणजे म्हैस, गाय-बैल किंवा उंट, जास्तीत जास्त सात हिस्से. सातजणांची यादी जिबहआधी त्या जनावराला लागलेली असली पाहिजे. इथेच मोठ्या याद्यांमध्ये घोळ होतो : आधी जनावरं कापली जातात आणि मागाहून आलेल्या पैशांवरून हिस्से वाटले जातात. हे चालत नाही, नियत सुरीच्या वेळी हवी. आठवं नाव घुसलं तर आठहीजणांची गेली. हनफींच्या मते सातांपैकी एकाचा हेतू नुसतं मटण मिळवण्याचा असला तरी सगळ्यांची बिघडते. म्हणून १२ च्या दुपारपर्यंत पैसे घेत राहणाऱ्या संस्थेला नोंदणी कधी बंद होते आणि याद्या कधी निघतात हे विचाराच. नाव मोठ्यानं पुकारलं गेलं नाही तर मात्र घाबरू नका, वकिलाची नियत पुरते.

वय : बकरा १ वर्ष, म्हैस व गाय-बैल २ वर्षं, उंट ५ वर्षं. मेंढा सहा महिन्यांचा पण दिसायला वर्षाचा असेल तर हनफींकडे चालतो. शाफईंकडे बकऱ्याला २ वर्षं लागतात. पुढचे दोन दुधाचे दात पडून पक्के आले असतील तर ती वयाची खूण, पण खरी अट वयाची. आंधळं, उघड लंगडं, उघड आजारी आणि हाडात मगज न उरलेलं मरतुकडं जनावर चालत नाही. स्वस्तातल्या हिश्शात बहुधा याच बाबतीत तडजोड झालेली असते.

आधीच सांगायला हवं होतं ते आता आठवलं : कुर्बानी देणाऱ्यानं जिलहिजचा चंद्र दिसल्यापासून जिबह होईपर्यंत केस-नखं कापू नयेत, हे मुस्तहब (सक्तीचं नाही, पण केलेलं चांगलं) आहे. म्हणून दूर दिलेल्या कुर्बानीत "झाली" असा निरोप त्याच दिवशी यायला हवा. दोन आठवड्यांनी आलेल्या फोटोचा याला उपयोग नाही.

कसायाची मजुरी वेगळी दिली जाते ना, हेही विचारा. हजरत अलींना पैगंबरांचा हुकूम होता की मटण, कातडी, झूल सगळं वाटून टाकावं आणि कसायाला मजुरी म्हणून त्यातलं काही देऊ नये. कातडी संस्थेनं विकली तर ते पैसे गरिबांचे, कार्यालयाच्या भाड्याचे नाहीत.

वाटपाचं म्हणाल तर जिवंत वजनाच्या साधारण निम्मं मटण निघतं : ३० किलोच्या बकऱ्यातून हाडासकट १३ ते १५ किलो. तीन भाग, एक घरचा, एक नातलग-शेजाऱ्यांचा, एक गरिबांचा, हे मुस्तहब आहे. सगळंच गरिबांना दिलं तरी चालतं. सातजणांनी आपापला हिस्सा घरी न्यायचा असेल तर अंदाजानं ढीग करू नयेत, वजन करावं. गरम मटण लगेच प्लास्टिकमध्ये कोंबलं तर आत घाम धरतो आणि काही तासांत आंबूस वास येतो. आधी टांगून वारा लागू द्यायचा, गार झालं की पिशव्या. गरजूंच्या घरी फ्रीज नसतो हे धरून १-२ किलोच्या पिशव्या आणि त्याच दिवशी वाटप, हे जिथे करतात तिथे हिस्सा द्या.

आणि दिवस टळलेच, कुर्बानी झालीच नाही असं १३ ला कळलं, तर वाजिब असणाऱ्यानं मध्यम बकऱ्याची किंमत सदका (दान) करायची. त्यासाठी संस्थेकडून "झाली नाही" हे लेखी मागून घ्या.