पेन्सिलीची अक्षरं

त्या कादंबरीतली पेन्सिलीची सगळी अक्षरं मी माझ्या हातानं पुसली. सकाळी दहाला बसले, साडेअकराला उठले. दुपारी साडेतीनच्या सुमाराला एक आजी नातवाचा हात धरून आमचा जिना चढून आल्या आणि टेबलाला टेकून म्हणाल्या, "आमच्या बायेन वाचलेला पुस्तक होया." चार महिने झाले. अजून मी तो दिवस मनातल्या मनात उलटसुलट करून पाहते आहे.

फोंडा तालुक्यातल्या एका मराठी ग्रंथालयात मी बावीस वर्षं काम करते. मेच्या शेवटच्या आठवड्यात आमची साठा पडताळणी असते. दाखल नोंदवहीतला एकेक क्रमांक कपाटातल्या पुस्तकाशी ताडायचा. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं ओढायची, नाहीतर ऑगस्टात मागच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढते. फाटकी पुस्तकं बांधणीसाठी वेगळी काढायची. ही कादंबरी त्या ढिगात होती. ८९१.४६३ चं कपाट, म्हणजे मराठी कथा-कादंबरी, आमच्याकडं सगळ्यांत जास्त झिजतं. त्यात हे पुस्तक तर तारखांच्या तीन पट्ट्या एकावर एक चिकटवलेलं, पाठ सुटलेली, मधली सोळा पानं हातात येणारी.

गोष्ट जुळ्या बहिणींची आहे. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाचं फर्मान निघालं की गोव्यातल्या पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा द्यावा. साष्टीतून देव हलवले गेले तेही याच सुमारास. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. त्या धामधुमीत बाप मेलेल्या या दोन मुली. काका रात्रीच्या होडीतून एकीला घेऊन अघनाशिनी, म्हणजे आजची जुवारी नदी, ओलांडतो. दुसरी तापानं फणफणलेली, दाईजवळ राहते आणि पकडली जाते. पुढं एक सुपारीचा व्यापारी, दोन्ही काठांवर ये-जा करणारा. अलीकडच्या बहिणीवर त्याचा जीव जडलेला असतो, आणि पलीकडे चर्चच्या पायऱ्यांवर तोच चेहरा त्याला दिसतो. शेवटच्या पानावर पहाटे अंत्रुजेतल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, एका धक्क्याला होडी लागते, एक बाई उतरते. कोणती, ते लिहिलेलं नाही.

या "कोणती"वरून आमच्या वाचकांचं जे काही चाललं तसं मी दुसऱ्या कुठल्याच पुस्तकावरून पाहिलेलं नाही. वाचकाला पुस्तक सुचवताना माझा अंदाज सहसा चुकत नाही, पण या पुस्तकानं तो साफ चुकवला. कुंडईच्या कारखान्यात जाणाऱ्या एका मुलीला मी प्रेमकथा म्हणून दिलं. तिनं परत देताना पुस्तक टेबलावर आपटलंच जवळजवळ. "मॅडम, त्याला दोघी माहीत होत्या. दोघींनाही त्यानं सांगितलं नाही. पंधरा वर्षं! हा कसला प्रियकर?" तिच्या मते होडीतून कोण उतरली हा प्रश्नच फुकटचा, त्याचं तोंड पाहायला कुणीच उतरू नये. इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांना प्रेमाचं काही वाटणार नाही असं मी धरून चालले होते. ते शेवटच्या प्रकरणापाशी रडले, आणि तरीही समासात लाल शाईनं चुका काढून ठेवल्या. "१५६० मध्ये डोंगरभर काजू? काजू ब्राझीलहून पोर्तुगीजांनीच आणला. इतक्या लवकर डोंगर भरतील कसे?" चूक बरोबर काढली आहे. पण ग्रंथालयाच्या पुस्तकात शाईनं लिहिणं मला पटत नाही, तेव्हाही नव्हतं आणि आज तर अजिबात नाही.

एक गृहस्थ पुस्तक कपाटातून काढून टाका म्हणून समितीकडं अर्ज घेऊन आले होते. बाटलेली मुलगी त्या काळी घरात परत घेतलीच नसती, तेव्हा ती उतरली असं सुचवणंही धर्माला धरून नाही, असं त्यांचं म्हणणं. नेमकं उलटं बोलली मडगावची एक ख्रिस्ती शिक्षिका, जिनं सगळी हयात मराठी शिकवण्यात घालवली. ती आमच्याकडं मुद्दाम बसनं येते. म्हणाली, "पलीकडची मुलगी पुस्तकभर नुसती रडते. चाळीस-पन्नास वर्षं माणूस रडत बसतं का? तिनं तिथं घर केलं असेल, मुलं वाढवली असतील, नवा देव तिचा झाला असेल. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ ला रायतूरला छापलं. ती जगली असती तर साठी ओलांडलेली असती. आपल्याच भाषेतली ओवी तिनं चर्चमध्ये ऐकली असती. ती गोष्ट लिहायला हवी होती." तिच्या मते उतरली ती अलीकडचीच, बहिणीला एकदा पाहून परत आलेली. हे ऐकल्यावर मी ती कादंबरी पुन्हा वाचली. मला अजूनही वाटतं की आतापर्यंत तिच्याइतकं नीट ते पुस्तक कुणी वाचलेलं नाही. फक्त एकीनं सोडून.

ती एक म्हणजे आमच्या मावशी. वय सत्त्याऐंशी. दर मंगळवारी येत. चष्म्याच्या घरात पेन्सिलीचा बोटभर तुकडा असे. त्यांनी ही कादंबरी तीनदा नेली, तिन्ही वेळा समासात लिहिलं. बारीक, उजवीकडं झुकलेलं अक्षर, "ळ"ला लांब शेपटी. मला ते अक्षर कुणाचं ते पक्कं माहीत होतं. मी कधी बोलले नाही, कारण वाचन करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मला मोडायचं नव्हतं. गेल्या वर्षीच्या वैशाखात त्या गेल्या.

आता बांधणीचं सांगितलं पाहिजे, कारण पुसायला मी बसले ती बांधणीपायी. पूर्वी आमचा बांधणीकार जुजबंदी करायचा. सोळा-सोळा पानांचे जुज सुईदोऱ्यानं शिवायचे, मग मणक्याला खळ. खळीत मोरचूद घातलेला, म्हणजे कसर लागत नाही. त्यानं चाळीस वर्षांपूर्वी बांधलेलं पुस्तक आजही टेबलावर सपाट उघडतं. आता समिती दरपत्रकं मागवते आणि सगळ्यांत स्वस्त असेल त्याला काम देते. तो शिवत नाही. तीन बाजूंनी कटिंग मशीनवर कागद कापून कडा सरळ करतो आणि मणक्याला गोंद फासतो. आमच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत तो गोंद दोन वर्षं टिकत नाही. कापताना समास जातो, समासाबरोबर वाचकांचं लिहिलेलंही अर्धं कापलं जातं. अर्धी वाक्यं, अर्धी अक्षरं. ते मला अस्वच्छ वाटतं. शिवाय पुस्तकाच्या पहिल्या पानावर आमचंच लेबल आहे: पुस्तकात खुणा करू नयेत. म्हणून नियम असा ठेवला आहे की बांधणीला जायच्या आधी पेन्सिल पुसायची.

पुसण्याचंही एक तंत्र आहे. मऊ खोडरबर घ्यायचा, डाव्या हाताची दोन बोटं पसरून पान दाबून धरायचं, शिवणीकडून कडेकडं एकाच दिशेनं ओढायचं. मागंपुढं घासलं की पान चुरगळतं. कचरा फुंकायचा नाही, कुंचल्यानं झाडायचा. मी चांगलं पुसते. दोनशे ऐंशी पानं मी त्या सकाळी साफ केली. सरांची लाल शाई तशीच राहिली, ती निघत नाही. जो वाचक पेन्सिलीनं लिहितो तो पुस्तक संस्थेचं आहे याची चाड ठेवून लिहितो, म्हणूनच त्याचं लिहिलेलं पुसता येतं. हे मला दुपारनंतर उमगलं.

दुपारी त्या आजी आल्या तेव्हा मी मान वर केली आणि हातातला शिक्का तसाच राहिला. समोर मावशी उभ्या होत्या. तोच चेहरा, तीच हनुवटी, फक्त नऊवारीची गाठ वेगळी. मावशी जुळ्यांतली एक होत्या हे बावीस वर्षांत मला कळलंच नव्हतं. नातवानं सांगितलं, वर्षश्राद्धाला बांद्याहून आलो, तिथं मामींनी या पुस्तकाचं सांगितलं.

दोघी पेडण्याच्या. १९५४ मध्ये एकाच मांडवात लग्नं झाली. एक फोंड्यात दिली, एक हद्दीपलीकडं बांद्याला. पुढच्याच वर्षी पंधरा ऑगस्टला गोवामुक्तीचा सत्याग्रह झाला, हद्दीवरच्या पत्रादेवीला गोळ्या झाडल्या, आणि हद्द बंद झाली. भारत सरकारची नाकेबंदी, इकडं पोर्तुगीजांचा पहारा. माहेर आणि सासर यांच्यात जेमतेम काही कोस, आणि डिसेंबर १९६१ पर्यंत दोघींनी एकमेकींना पाहिलं नाही.

मी आजींना खुर्ची दिली. आणि मग सांगितलं. लपवता आलं असतं, त्यांना दिसतच नव्हतं धड. पण मी म्हटलं, "आजी, मावशींनी यात लिहिलं होतं. मी सकाळी पुसलं." नातू माझ्याकडं बघत राहिला. आजींनी हात पुढं केला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि पान उलटं करून मागच्या बाजूनं बोट फिरवू लागल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मावशी पेन्सिल दाबून लिहायच्या. शिसं गेलं तरी खोबण राहते, आणि पानाच्या मागं उंचवटा. मी खिडक्या लावल्या, दिवा बंद केला, मोबाईलचा टॉर्च पानाशी अगदी आडवा धरला. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. कडेनं, कागदाला जवळजवळ टेकवून टाकला की प्रत्येक खोबणीला सावली येते. पान थोडं थोडं फिरवायचं, एकेक काना-मात्रा वर येते. मी सकाळी पुसताना काही वाचलं होतं, काही घाईत नुसतंच पुसलं होतं. जे आठवत होतं ते खुणेला लागलं.

एक प्रसंग असा आहे की पलीकडच्या बहिणीचा हात भाजतो आणि त्याच क्षणी अलीकडच्या बहिणीच्या हातातून भांडं पडतं. बहुतेक वाचकांना हा प्रसंग फार आवडतो. तिथं समासात सावल्यांतून अक्षरं उठली. "वाच बाय, माका दिसत नाय," आजी म्हणाल्या. मी वाचलं: "खोटं. तिचा मुलगा गेला त्या दिवशी मी हळदीकुंकवात हसत होते. सतरा दिवसांनी कागद आला. मला काही कळलं नव्हतं."

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिना खरा लिवल्यान." मुलगा दीड वर्षाचा होता, १९५८ साली गेला. मावशींनी त्या दिवसाबद्दल बहिणीशी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. एका कादंबरीकारावर रागावून त्यांनी ते आमच्या पुस्तकात लिहिलं.

आम्ही तास-दीड तास बसलो. मधे दोन वाचक आले, त्यांना सहायक मुलीनं पुस्तकं दिली. सगळं मिळालं नाही. कितीतरी ठिकाणी माझ्या रबरानं कागदाचा पृष्ठभागच उठला होता, खोबणी भरून गेल्या होत्या. चांगलं पुसण्याचा मला जो अभिमान होता त्यानंच ते गेलं. जी मिळाली ती वाक्यं लहान लहान होती. "दोघींना एकच साडी कुणी देत नाही." "ही रडणार नाही." एका पानावर नुसतं बहिणीचं माहेरचं नाव, तीनदा.

शेवटच्या पानाकडं मी सगळ्यांत शेवटी वळले. ते पान सकाळी माझ्याकडून थोडं चुरगळलं होतं, दमले होते म्हणून असेल. टॉर्च सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. "कोण उतरली ते" एवढं लागलं. पुढं चार-पाच शब्दांची जागा सपाट, आणि ओळीच्या टोकाला "विचारीन".

"माका कधी विचारल्यान नाय," आजी म्हणाल्या.

त्या आमच्या सभासद नाहीत. मी पुस्तक माझ्या कार्डावर घातलं आणि त्यांच्या पिशवीत ठेवलं. जूनमध्ये मुदत संपली, संगणकावर माझ्या नावापुढं लाल ओळ आली आहे. बांधणीच्या यादीवरून समितीनं विचारणा केली तेव्हा त्या क्रमांकापुढं मी "वाचकाकडे" असं लिहून दिलं. यंदाच्या ढिगात आणखी एकतीस पुस्तकं होती. ती मी न पुसता कपाटात परत लावली आहेत, पाठ सुटलेल्या स्थितीतच, दोऱ्यानं बांधून.