‘काही करत नाही हो तो’ म्हटल्यानंतर

कुत्रा असलेल्या घराचं दार उघडलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘या हो आत, काही करत नाही तो.’ पुढे पाहुण्याला चावा बसला आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर हेच वाक्य मालकाच्या अंगाशी येतं. तुम्ही हमी दिलीत आणि तिच्यावर विसंबून पाहुणा आत आला, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. फाटकावरच्या ‘कुत्र्यापासून सावध राहा’ पाटीचंही तसंच. ती लावली की आपली जबाबदारी संपली, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर कुत्रा चावू शकतो हे तुम्हाला माहीत होतं, याचा तो तुमच्याच हातचा पुरावा ठरू शकतो. पाटी आहे आणि कुत्रा आतल्या खोलीत बंद आहे, तर ती उपयोगी. पाटी आहे आणि कुत्रा दिवाणखान्यात मोकळा, यासारखी वाईट जोडी नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं. जुन्या भादंविचं (भारतीय दंड विधानाचं) २८९ तेच. ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी न घेणं, हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात दंड १,००० होता. यातला ‘ताब्यातल्या’ हा शब्द नीट वाचा. परवाना कुणाच्या नावावर आहे, एवढ्यावर भागत नाही. तुम्ही गावाला गेलात, कुत्रा मेहुण्याकडे ठेवलात आणि तिथे कुणाला चावला, तर प्रश्न आधी मेहुण्याला विचारला जाईल. जातीचं नावही कलमात कुठे नाही. लॅब्रॅडॉर असो, रॉटवायलर असो की रस्त्यावरून आणून वाढवलेलं गावठी पिल्लू, खबरदारी घेतली होती का, एवढंच बघतात.

त्याच्या जोडीला याच संहितेचं, बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणाने दुखापत करण्याबद्दलचं कलम १२५ लागू शकतं. साधी दुखापत असेल तर सहा महिने किंवा ५,००० रुपये. दुखापत गंभीर असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड. आणि ‘गंभीर’ म्हणजे काय, इथेच लोकांचा अंदाज चुकतो. हाड मोडणं, दात पडणं, चेहऱ्यावर कायमचा व्रण राहणं, पंधरा दिवस तीव्र वेदना सोसाव्या लागणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे कुत्र्याने प्रेमाने अंगावर उडी घेतली, सत्तरीच्या मावशी मागे पडल्या आणि मनगटाचं हाड मोडलं, तर अंगाला दात लागलेला नसतानाही दुखापत गंभीर. हैदराबादच्या बंजारा हिल्समध्ये जानेवारी २०२३ मध्ये डिलिव्हरी द्यायला आलेला एक तरुण अंगावर धावून आलेल्या कुत्र्यापासून पळताना तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि पुढे दगावला. ‘चावला तर नाही ना’ हा बचाव किती तोकडा आहे, ते यावरून कळावं.

या गुन्ह्यांत अटकेची भीती कमी, कारण ते जामीनपात्र आहेत. पोलीस बहुधा हजर राहण्याची नोटीस देतात. खरी शिक्षा तारखांची. मुंबईत नेपियन्सी रोडवर २०१० मध्ये एका ७२ वर्षांच्या गृहस्थांना रॉटवायलर चावला होता. गिरगावच्या कोर्टाने मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली ती २०२३ मध्ये. तेरा वर्षं.

आता चावा बसल्यानंतरचा पहिला तास. आधी कुत्रा दुसऱ्या खोलीत न्या, कडी लावा. मग जखम वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून, कारण आपल्या अंदाजाची पंधरा मिनिटं दोन-तीनच भरतात. हळद, चुना, तिखट, कॉफी यांतलं काही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका, टाके घालायची घाई करू नका. रेबीजच्या शक्यतेत शक्यतो टाके टाळतात. घालावेच लागले तर आधी जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) भरून मग सैल घालतात. कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखम तिसऱ्या श्रेणीची, म्हणजे लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही. लस कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत दिली तर त्यात चौदाव्या दिवसाचीही भर. इम्युनोग्लोब्युलिनची कमाल मात्रा वजनावर ठरते: घोड्याच्या रक्तापासून केलेलं किलोमागे ४० युनिट, मानवी २० युनिट. साठ किलोच्या माणसाला अनुक्रमे २,४०० आणि १,२०० युनिट. खाजगी रुग्णालयात बिल फुगतं ते मानवी प्रकारामुळे. सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते, हे पाहुण्याला सांगा. पण ‘तिकडेच चला’ असा आग्रह धरू नका, तो नंतर फार वाईट दिसतो.

‘आमच्या कुत्र्याचे डोस झालेत, तुम्हाला इंजेक्शनची गरज नाही,’ हे मालकाने म्हणायचं नाही. तो निर्णय डॉक्टरचा. मालकाने द्यायचं ते लसीकरण कार्ड: शेवटच्या रेबीज डोसची तारीख, बाटलीवरचं बॅच नंबराचं स्टिकर, पशुवैद्यांची सही आणि शिक्का. पुष्कळ कार्डांवर स्टिकर असतं आणि सही नसते, ती आजच घेऊन ठेवा. त्यानंतर दहा दिवस कुत्रा घरातच, डोळ्यांसमोर हवा. तो धडधाकट राहिला तर पाहुण्याचे पुढचे डोस कमी करायचे का, हे डॉक्टर ठरवू शकतात. वाद नको म्हणून त्याच आठवड्यात कुत्रा गावाकडे धाडून देणं ही हातून होणारी सगळ्यात महागडी चूक. पाहुण्याच्या डॉक्टरला कुत्र्याची खबर मिळत नाही आणि तपास अधिकाऱ्याला तुम्ही पुरावा लपवलात असं वाटतं.

रुग्णालयात कॅज्युअल्टीच्या टेबलावर ‘काय झालं?’ विचारतात आणि उत्तर केसपेपरवर उतरतं. गरज वाटली तर एमएलसी, म्हणजे पोलिसांशी संबंधित वैद्यकीय प्रकरण, अशी नोंद करून पोलिसांना कळवतात. तिथे ‘पत्रा लागला’ सांगायला लावू नका. खोटं तर आहेच, शिवाय त्यापायी रेबीजची लस राहून जाऊ शकते. घरी किंवा जिन्यात कॅमेरा असेल तर त्या तासाचं चित्रण लगेच उतरवून घ्या, डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, जुनं पुसून नवं लिहीत राहतं. आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही लिहू नका. ‘ब्रुनो असाच करतो कधीकधी’ हा गमतीतला संदेशही कोर्टात तुमच्याविरुद्ध वाचला जाऊ शकतो.

पैशाचं बोलायचं तर औषधोपचाराची बिलं लगेच आणि बँकेतूनच द्या, रोखीने नको. माणुसकी म्हणून बिल भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, फक्त सोबतच्या संदेशात ‘उपचारासाठी’ असं लिहा. अंतिम तडजोड मात्र २८ व्या दिवसाचा डोस होऊन जखम भरेपर्यंत करू नका. आठव्या दिवशी दहा हजारांत मिटवलेलं प्रकरण व्रणावरच्या शस्त्रक्रियेचा खर्च निघाला की पुन्हा उकरलं जातं. करारनामा ५०० रुपयांच्या स्टँपवर, दोन साक्षीदारांसह. त्यात घटना, तारीख, दिलेली रक्कम आणि पुढे दिवाणी दावा करणार नाही, हे स्पष्ट हवं. एफआयआर झाला असेल तर केवळ या कागदाने तो संपत नाही. कलम १२५ ची दुखापत कोर्टाच्या परवानगीने मिटवता येते, पण २९१ तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही. त्यासाठी दोघांच्या संमतीने उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. ‘आमचं आपसात मिटलंय’ म्हणून तारखेला न जाणाऱ्यांवर वॉरंट निघतं ते यामुळे.

दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत. उपचार, बुडालेला रोजगार, वेदना, व्रण, पुढची शस्त्रक्रिया असे नुकसानीचे भाग पडतात. पाहुण्याने खोडी काढली, हे मालकाला मांडता येतं. पण पाच वर्षांच्या पोराने जेवणाच्या ताटलीत हात घातला, हे सांगून फारसं काही साधत नाही.

कोकणात होमस्टे चालवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तुमचा पाहुणा पैसे देऊन येतो, म्हणजे तो ग्राहक. सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो, आणि तिथे खर्च कमी, म्हणून लोक जातातही. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मंडळींचा कायदा आणखी कडक. तिथल्या दिवाणी संहितेच्या कलम ३३४२ नुसार कायदेशीरपणे घरी आलेल्या माणसाला कुत्रा चावला की मालक जबाबदार, तो आधी कधी चावला नव्हता हे सांगून सुटका नाही.

विमा घेताना कुत्र्याच्या उपचारांचं कवच आणि तृतीय पक्षाचं दायित्व (कुत्र्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाहा. दुसरं बहुधा जादा हप्ता भरून घ्यावं लागतं, आणि घरचे लोक व नोकर त्यातून अनेकदा वगळलेले असतात. कंपनीला न विचारता भरपाई कबूल केली तर दावा अडू शकतो, म्हणून फोन आधी तिकडे.

आता दाराकडे येऊ. बेल वाजली की कुत्रा दाराशी धावतो, मालक एका हाताने पट्टा धरतो, दुसऱ्याने कडी काढतो. पट्टा ताणला गेला की कुत्रा अधिक पेटतो, आणि पाहुणा नेमका त्याच क्षणी वाकून डोक्यावर हात ठेवतो. क्रम उलटा करा: आधी कुत्रा आतल्या खोलीत, मग कडी. पाहुणे बसले, पाणी झालं, दहा-पंधरा मिनिटं गेली की पट्ट्यावर बाहेर आणा. शेपटी हलतेय एवढ्यावर जाऊ नका. अंग ताठ होणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, भूक नसताना ओठ चाटणं, तोंड फिरवून जांभई देणं, यांतलं काही दिसलं की परत आत. गुरगुरल्याबद्दल फटका मारू नका, नाहीतर तो न गुरगुरता चावायला शिकेल. जाळीदार मुसकं घ्यायचं तर आत खाऊ ठेवून दहा-पंधरा दिवस सवय करा. कापडी घट्ट मुसक्यात त्याला धापा टाकता येत नाहीत, ते पशुवैद्याकडच्या पाच मिनिटांपुरतं ठीक. गौरी-गणपतीत दिवसभर दार उघडंच राहतं. त्या दीड, पाच किंवा सात दिवसांसाठी आतल्या खोलीला उंच गेट बसवून घ्या, कडी बाहेरच्या बाजूने आणि लहान मुलांचा हात पोचणार नाही इतकी वर.