हाडं पक्की तरी गुडघे कच्चे?

मागच्या महिन्यात आईची आणि मावशीची डेक्सा टेस्ट (हाडं किती दाट आहेत ते पाहणारी) करून आणली धंतोलीतून. आईचे गुडघे वर्षभरापासून कुरकुर करून राहिले, जिना उतरताना भिंत धरते, त्यामुळे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की हिचीच हाडं ठिसूळ झाली असतील. रिपोर्ट आला तो उलटाच. आईचा टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या तुलनेत हाडं किती दाट तो आकडा, प्लस 1.1 आणि मावशीचा मायनस 2.7 (मायनस 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली असं म्हणतात). मावशीचं मनगट दोन वर्षांआधी बाथरूममध्ये पाय घसरून मोडलं होतं खरं, पण आजही ती खाली मांडी घालून दोन किलो मेथी निवडते. आई म्हणे, "अरे नावं अदलाबदल झाली असतील, पाहून ये ना परत."

नावं बरोबर होती. मग मीच वाचत बसलो, तर हे कोडं जुनंच निघालं. 1972 मध्ये फॉस आणि बायर्स यांनी खुब्याचं हाड मोडलेल्या पेशंटची हाडं तपासली, तर त्यांच्यात सांध्याची झीज फारच कमी दिसली. म्हणजे हाड विरळ पण सांधा धड, आमच्या मावशीसारखं.

पण यात एक गोम आहे, वजन. वजनदार माणसाची हाडं दाट असतात आणि त्याच्या गुडघ्यावर भारही जास्त पडतो, मग झिजेचा दोष कोणाला द्यायचा? इथे जेनेटिक्स कामी आलं. कोणाला कोणते जीन्स मिळणार ते जन्माआधीच ठरते, नंतरचं खाणंपिणं किंवा गुडघेदुखी ते बदलू शकत नाही, म्हणून ज्यांना जन्मतःच हाडं दाट करणारे जीन्स मिळाले त्यांच्यात झीज जास्त दिसते का हे पाहतात. याला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. आणि हो, गुडघा आणि खुबा दोन्हीकडे तसा कल दिसला. स्मॅड3 नावाचा एक जीन तर हाड आणि कूर्चा (आपण गादी घासली म्हणतो ना, ती) दोन्हीकडे काम करतो. एक अंदाज असाही आहे की गादीखालचं हाड फार कडक झालं की ते धक्का पचवत नाही, मग सगळा मार गादीवर. मला हे पटते.

पण एकेका जीनचा वाटा अगदी चिमूटभर, त्यामुळे दाट हाडवाल्या प्रत्येकाचे गुडघे जातीलच असं काही नाही. आणि आईवडिलांकडून आलेली घनता वेगळी, कॅल्शियमची गोळी वेगळी; गोळीने गुडघे झिजतात असं यातून निघत नाही.

हे शेवटचं आईला सांगायला उशीर झाला. परवा पाहतो तर तिने आपलं कॅल्शियमचं अख्खं पाकीट मावशीला देऊन टाकलेलं, "घे, माझ्याकडे जास्तीचं आहे." गोळी कोणाची चालू ठेवायची ते डॉक्टरला ठरवू दे म्हणून मी पाकीट परत आणलं, पण दोन पट्ट्या मावशीने ठेवूनच घेतल्या.