पंचगंगा दोन फुटांवर

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'शाळेने मला काय दिले' यावर दोन पानं लिहून पाठवा, असा समितीचा निरोप आला. चिंच, मैदान, गॅदरिंग, मधल्या सुट्टीतली भेळ यांवर बाकीची मंडळी लिहितीलच. मी फक्त इंग्रजीच्या सरांवर लिहितो, आणि त्यातही त्यांच्या उताऱ्याच्या तासावर. सरांचं नाव घालत नाही. 'पेन्सिलवाले सर' म्हटलं की कुठल्याही बॅचला कळतं, आणि आपलं नाव छापून आलेलं त्यांना कधी आवडलं नाही.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. (पहिलीपासून झालं ते २००० साली.) म्हणजे आठवीत येताना तीन वर्षं पदरात असायची, त्यामुळे धडा खड्या आवाजात वाचून दाखवणारे वर्गात दहा-बारा जण तरी निघायचे. सर शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "वाचलंस झ्याक. आता पुस्तक मिट आणि सांग, कोण कुठं गेलं?" तिथे सगळे गप्प. जीभ अक्षरांत अडकलेली असते, तिला उच्चार सांभाळायचा असतो. अर्थाकडे बघायला सवडच राहत नाही. म्हणून सरांच्या तासाला उतारा पहिल्यांदा मनात वाचायचा, ओठ न हलवता, आणि शब्दावर बोट न ठेवता. बोट ठेवलं की डोळा एकेका शब्दापाशी थांबतो आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल. एका दमात अर्थ लागेल तेवढ्या शब्दांनंतर एक तिरकी रेघ: 'ऑन द वे / टु द रिव्हर / ही मेट / ॲन ओल्ड पॉटर'. तीन-चार शब्दांचा एकेक घास. 'टु' आणि 'द रिव्हर' यांच्या मधे रेघ मारणाऱ्याला सर पुन्हा मारायला लावत. पेनाने रेघ ओढलेली त्यांना चालत नसे, कारण ती बहुतेक वेळा चुकते आणि खोडावी लागते.

आता ती पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या बॅचच्या सगळ्यांना ती आठवत असणार.

सर इंग्रजी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले आणि त्यातलं एकच वाक्य फळ्यावर लिहिलं: 'द पंचगंगा, व्हिच हॅड क्रॉस्ड द डेंजर मार्क ऑन संडे, रिसीडेड बाय टू फीट ऑन ट्यूजडे.' मागच्या बाकावरचा एक जण उठला आणि ठणकावून सांगितलं, "पंचगंगा मंगळवारी दोन फुटांवर आली." कुणी हसलं नाही, कारण आम्हा सगळ्यांनाच ते बरोबर वाटलं होतं. सरांनीही चूक म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी किती?" सगळा वर्ग ओरडला, ३९ फूट. "आणि धोका?" ४३. पंचगंगेचं पाणी याच बंधाऱ्यावर मोजतात, कोल्हापुरातल्या पोराला हे आकडे शिकवावे लागत नाहीत. "मग दोन फुटांवर आली म्हणजे पलीकडच्या काठाला वडणग्याला चालतच जाऊया की चप्पल हातात घेऊन!" तेव्हा कुठे हशा पिकला.

मग त्यांनी 'बाय' भोवती गोल केला. 'बाय' म्हणजे कितीने, 'टु' म्हणजे कितीवर. पाणी 'बाय टू फीट' उतरतं तेव्हा दोन फुटांनी उतरतं. 'टु फॉर्टी फीट' उतरतं तेव्हा चाळीसवर येतं. पगार, भाव, तापमान, धरणाचा साठा, जिथे आकडा चढतो-उतरतो तिथे हे दोन शब्द येतात आणि ऐनवेळी गोत्यात आणतात.

आम्हाला वाटलं, संपलं. सर म्हणाले, "मग मंगळवारी पाणी किती फुटांवर होतं?" हुशार मंडळींनी लगेच हिशेब केला. धोका ४३, उतरलं दोनने, म्हणून ४१. पहिल्या बाकावरच्या चौघांचे हात वर. सर मान हलवत राहिले. पाच मिनिटं कुणालाच समजेना की चुकलं कुठे. 'क्रॉस्ड' म्हणजे ४३ ओलांडलं. ओलांडून कुठवर गेलं ते वाक्यात नाहीच. ४३ च्या वर किती होतं हे माहीत नसताना दोन वजा कशातून करणार? मंगळवारी पाणी ४४ वरही असू शकतं. उत्तर एकच, "उताऱ्यात सांगितलेलं नाही." त्या दिवसापासून सरांच्या प्रत्येक उताऱ्याला एक प्रश्न असा असायचा, ज्याचं उत्तर उताऱ्यात नसे. नाही हे लिहून दाखवायचं. ठोकून उत्तर दिलं की शून्य.

त्याच वाक्यातून त्यांनी आणखी एक काढलं. 'हॅड क्रॉस्ड' मधला 'हॅड' सांगतो की ही गोष्ट आधी घडली. इंग्रजीत घटना घडतील त्याच क्रमाने लिहिलेल्या असतात असं नाही. 'हॅड' दिसला की समासात १ लिहायचा, साध्या भूतकाळाला २. गोष्टीचा क्रम लावा हा प्रश्न एरवी अंदाजाने सोडवला जातो, तो असा आकड्यांनी सुटतो.

कंसाचं तंत्र तर मी अजून जसंच्या तसं वापरतो. 'द फार्मर हू सोल्ड अ बुलक टु माय अंकल लॉस्ट हिज अंब्रेला.' छत्री कुणी हरवली? वर्ग म्हणतो मामाने, कारण 'अंकल लॉस्ट' शेजारी शेजारी आहेत. मराठीत आपण 'ज्याने बैल विकला त्याने' असं आधीच सांगून मोकळे होतो आणि क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत ते वर्णन नावाच्या मागून येतं आणि नाव व क्रियापद यांची ताटातूट करतं. सरांची पद्धत अशी: 'हू', 'व्हिच', 'दॅट' दिसलं की कंस उघडायचा. त्याच्या नंतरचं पहिलं क्रियापद कंसाचं. दुसरं क्रियापद दिसलं की त्याच्या अलीकडे कंस बंद. आता कंस झाकून वाचा: 'द फार्मर लॉस्ट हिज अंब्रेला.' कधी कधी 'हू' गाळलेलं असतं, 'द मॅन आय मेट' सारखं. स्वल्पविराम नाही, 'अँड' नाही, आणि नावाला लागून दुसरा कर्ता उभा आहे, अशी जागा दिसली की तिथे कंस आहे असं समजायचं. (अंकल म्हणजे मामा की काका, हे इंग्रजी सांगत नाही. त्यावरून वाद घालू नका, हेही सरच सांगत.)

'इट', 'दे', 'धिस' यांपासून मागे बाण. बाण नावापर्यंत पोचला पाहिजे. मराठीत 'ते', 'त्या', 'ती' असं लिंग कळतं, इंग्रजी 'दे' मधे माणसं, बैल आणि छत्र्या सगळे एकाच पंगतीला. शिवाय 'धिस' चा बाण पुष्कळदा एका नावाकडे जात नाही, अख्ख्या मागच्या वाक्याकडे जातो. तेव्हा त्या वाक्याखाली रेघ मारून बाण रेघेला लावायचा.

वहीच्या शेवटच्या पानावर 'लपलेले नाही' अशी यादी असायची. ती मी कुठल्याही गाईडमधे पाहिलेली नाही. वाक्यात 'नॉट' दिसत नाही, पण अर्थ नकाराचा, असे शब्द. 'हार्डली', 'सेल्डम'. 'टू टायर्ड टु वॉक', म्हणजे इतका दमला की चालवेना. पोरं लिहितात, 'दमला होता तरी चालला'. 'फ्यू पीपल केम' म्हणजे फारसं कुणी आलं नाही, 'अ फ्यू' म्हणजे आले थोडे; त्या एका 'अ' ने सभा भरते नाहीतर रिकामी राहते. 'लिटल' आणि 'अ लिटल' चंही तसंच. 'फेल्ड टु रीच', 'प्रिव्हेंटेड फ्रॉम', 'विदाउट', 'लेस्ट'. आणि सगळ्यात वाईट 'अनलेस'. त्याच्या पोटात एक नाही आहेच, त्यात आपण दुसरा घालतो आणि अर्थ उलटा होतो. 'अनलेस इट रेन्स' वाचताना 'पाऊस पडला नाही तर' एवढंच म्हणायचं. चूक की बरोबर लिहा, या प्रश्नातली निम्मी वाक्यं याच यादीवर बेतलेली असतात. उरलेली 'ऑल', 'ओन्ली', 'ऑलवेज' यांवर. उताऱ्यात 'मोस्ट' असतं आणि प्रश्नात गुपचूप 'ऑल' केलेलं असतं.

ओळखीचे वाटणारे शब्द अनोळखी शब्दांपेक्षा जास्त फसवतात. 'ही स्टेड ॲट अ हॉटेल' वाचून आमच्यातल्या एकाने, तो मिसळ खायला थांबला, असं लिहिलं होतं. आपलं हॉटेल खाण्याचं, त्यांचं मुक्कामाचं. 'डाउट' आपण शंका विचारायला वापरतो. 'आय डाउट इट' म्हणजे मला तसं वाटत नाही. आणि 'आय सस्पेक्ट ही इज राइट' म्हणजे त्याचं बरोबर असावं असं वाटतं.

डिक्शनरी सर लगेच उघडू देत नसत. अडलेला शब्द बोटाने झाकायचा आणि वाक्य वाचायचं. काम भागलं तर पुढे जायचं. तोच शब्द दुसऱ्यांदा आला, किंवा प्रश्नात आला, तरच बघायचा. आणि एका उताऱ्याला तीनच. त्याआधी शब्दाच्या आजूबाजूला बघायचं: पुढे 'बट' असेल तर उलटा अर्थ, 'ऑर' किंवा दोन स्वल्पविरामांत काही असेल तर पुष्कळदा तिथे अर्थच दिलेला असतो. 'पुट ऑफ' मधला 'पुट' एकटा शोधला तर 'ठेवणे' सापडतं आणि सहल पुढे ढकलण्याऐवजी आपण ती कुठेतरी ठेवून येतो.

उतारा झेपेल की नाही हे मोजायची रीतही होती. दोनशे शब्दांत चार अनोळखी असले तर डिक्शनरीशिवाय वाचा, दहा असले तर कुणाला तरी सोबत घ्या, वीस असले तर तो आज बाजूला ठेवा. पुढे शिकायला गेल्यावर कळलं की पॉल नेशन या भाषातज्ज्ञांच्या संशोधनातही आकडा हाच येतो: दुसऱ्याच्या मदतीशिवाय नीट समजायला शंभरातले ९८ शब्द ओळखीचे लागतात. सरांकडे मायकेल वेस्ट यांच्या १९५३ च्या, नेहमी लागणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या यादीची सायक्लोस्टाइल केलेली प्रत होती, सुमारे दोन हजार शब्दांची. वेस्ट पूर्वी ढाक्यात शिक्षकांना शिकवत आणि बंगाली मुलांना आधी वाचायला येऊ द्या, बोलणं मागून, अशा मताचे होते. सरांना ते आपल्याच गल्लीतले वाटायचे.

उत्तर लिहिण्याबद्दल थोडक्यात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधून ते अख्खं वाक्य उतरवणं ही नेहमीची खोड. प्रश्न काढणारा मुद्दाम शब्द बदलतो, उताऱ्यात 'पुअर' तर प्रश्नात 'हॅड लिटल मनी'. 'व्हाय' चं उत्तर 'बिकॉज' च्या पुढे असतं, पण वाक्यात 'सो' असेल तर कारण 'सो' च्या अलीकडे. उताऱ्यातला 'आय' उत्तरात 'द रायटर' होतो. आणि 'डिड' ने विचारलं तर उत्तरात 'वेन्ट' येतं, 'डिड गो' नाही.

घरी काय वाचायचं तर इंग्रजी पेपर, पण संध्याकाळी. सकाळी घरी 'पुढारी' वाचून झालेला असतो, म्हणजे पूर, ऊसदर, खासबागेतली कुस्ती, काय घडलं ते आधीच माहीत असतं. मग तीच बातमी इंग्रजीत घ्यायची. अर्थ हातात असतो, शब्द आपोआप जागेवर बसतात. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे ज्याला ठाऊक आहेत, त्याला 'ऑटोमॅटिक गेट्स ओपन्ड' साठी डिक्शनरी लागत नाही. दोन परिच्छेद पुरेत, आणि प्रत्येकापुढे समासात मराठीत एक ओळ.

मी आज याच विषयाचा शिक्षक आहे, जिल्ह्यातल्याच एका हायस्कूलात. दहावीला आता कृतिपत्रिका आहे. ८० गुणांपैकी पाठातले दोन उतारे, कविता, न पाहिलेला उतारा आणि त्याचा सारांश मिळून ४५ गुण वाचण्याचे. न पाहिलेल्या उताऱ्याखालचा सारांश पाच गुणांचा. सरांच्या समासातल्या ओळी इंग्रजीत केल्या की तो तयारच असतो. तरी मुलांच्या गाईडमधे पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांची उत्तरं छापलेली, ती पाठ करून येतात. न पाहिलेल्या उताऱ्याला हात टेकतात. मोबाइलवर उतारा धरला की मराठी होऊन येतो, आणि ते वाचून मूल म्हणतं समजलं. त्याला मी पंचगंगेचं वाक्य घालतो. मराठी करून आलं तरी ४१ लिहिणारे निघतातच, दरवर्षी.

आपल्या शाळेतला वाचनाचा तास वेळापत्रकातून गेला, असं परवा ऐकलं. वाईट वाटलं. समितीला एक चेक पाठवला आहे. त्यातून ग्रंथालयात एक इंग्रजी पेपर वर्षभर सुरू करावा, तो दुपारनंतर मुलांच्या हाती द्यावा, आणि टेबलावर दोन डझन पेन्सिली ठेवाव्यात. पेनं नकोत.