घोडं रवंथ का करत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोल्हापुरात जनावरांचा डॉक्टर म्हणून इतकी वर्षं गेली, पण आयुष्यभर म्हशी राखलेला माणूस पहिल्यांदा घोडं घेतो तेव्हा हटकून विचारतो, "डॉक्टर, रवंथच करंना झालंय, आजारी हाय काय?" रंकाळ्यावर पोरं फिरवायला घोडं घेतलेल्या एकाने तर रात्री ११ वाजता फोन केला होता.

आजारी नाही. घोड्याला रवंथ येतच नाही. म्हशीच्या पोटाला ४ कप्पे. ती चारा परत तोंडात आणून निवांत दळते. घोड्याचं जठर एकच आणि लहान. त्याचा चारा आंबतो तो पार पुढे, आंधळ्या आणि मोठ्या आतड्यात. म्हणून म्हशीचं शेण मऊ आणि घोड्याच्या लिदीत काड्या. लिदीच्या शेणी थापणारं कुणी पाहिलंय का?

गेंड्याचंही पोट असंच. कारण घोड्याचा भाऊबंद तो आहे, बैल नव्हे. पटत नसेल तर नालबंदाला विचारा. बैलाच्या एका खुराला दोन पत्र्या लागतात, घोड्याला एकच नाल. घोडा उभा असतो तो मधल्या एका बोटाच्या नखावर. गेंड्याला ३ बोटं, पण भार मधल्यावरच. टापीर म्हणजे आखूड सोंडेचा, डुकरासारखा दिसणारा प्राणी; त्याला पुढे ४ आणि मागे ३, त्यामुळे या घराण्याचं 'विषमखुरी' (विषम बोटांचे) हे नाव जरा फसवंच. बोटं मोजण्यापेक्षा भार कुठून जातो ते बघावं. आणि बैलाच्या नात्यात कोण? देवमासा! हे सांगितलं की समोरच्याचा चहा गार होतो.

आता घोडा-गाढव-झेब्रा, गेंडे आणि टापीर एवढेच उरलेत. पूर्वी हे घराणं दांडगं होतं. बलुचिस्तानात डेरा बुगटीला हाडं सापडलेला पॅरासेराथेरियम म्हणजे बिनशिंगी गेंडाच, पण खांद्यापाशी साडेचार मीटरच्या वर. माझं लाडकं मात्र कॅलिकोथेरियम: तोंड घोड्याचं आणि पायाला खुरांऐवजी नख्या. त्याला नाल कुठे ठोकणार? गुजरातेत सुरत जिल्ह्यातल्या लिग्नाइटच्या खाणीत या सगळ्या विषमखुरी घराण्याचा जवळचा नातलग कँबेथेरियम सापडला, सुमारे ५.४५ कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्याकडच्या काळ्या दगडात असलं काही शोधू नका. तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, या घराण्याच्याही आधीचा.

रंकाळ्यावरच्या त्या पाहुण्याला एवढं काही सांगितलं नाही. म्हटलं, म्हशीसारखी एकदम पाटीभर पेंड घालू नको, वैरण थोडी थोडी दे. घोड्याला ओकताही येत नाही. पोटाकडे वळून बघायला लागलं, लोळायला लागलं, तर लगेच फोन कर. ११ असू दे नाहीतर २.