प्रिन्स चार्ल्सला काय लागलंय?

लेस्टर स्क्वेअर लंडनच्या मराठी मंडळींना चांगलाच ओळखीचा. गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतोच. मोठाली थिएटरं, प्रीमियरचा लाल गालिचा, गर्दी, फोटो. त्या चौकातून उत्तरेकडे, चायनाटाउनच्या दिशेने लेस्टर प्लेस नावाची बोळवजा गल्ली जाते. तिथे भिंतीवर झां कॉक्तो या फ्रेंच कलावंताची चित्रं असलेलं एक फ्रेंच चर्च आहे, आणि त्याच गल्लीत प्रिन्स चार्ल्स सिनेमा. पाहुण्यांना घेऊन तिथे कुणी जात नाही. मी मात्र नोव्हेंबर उतरणीला लागला की सगळ्यात आधी तिथला डिसेंबरचा कार्यक्रम बघते आणि हॉस्पिटलमधल्या फार्मसीच्या पाळ्या त्याप्रमाणे बदलून घेते. यंदा म्हटलं सगळ्यांसाठीच लिहावं, कारण तिकिटं लवकर संपतात आणि मग मला "आधी का नाही सांगितलंस" असे फोन येतात.

आधी जागेबद्दल थोडं. ही इमारत १९६२ साली नाटकाचं थिएटर म्हणून उघडली. काही वर्षांतच तिथे सिनेमे लागू लागले आणि सत्तरच्या दशकात तर ती प्रौढांच्या चित्रपटांसाठी प्रसिद्ध होती. जुने आणि बघायचे राहून गेलेले सिनेमे स्वस्तात दाखवणारं थिएटर ही ओळख नव्वदच्या दशकातली. आता दोन हॉल आहेत. खालचा सुमारे तीनशे खुर्च्यांचा, वरचा शंभरेक. खालच्या हॉलची जमीन आपल्या सवयीच्या उलट, पडद्याकडे चढत जाते. त्यामुळे पुढे उंच माणूस बसला तर थोडं सरकून बसायची तयारी ठेवा. बाहेर दारावर फलक आहे आणि त्यावर अक्षरं अजून हाताने लावतात. गल्लीत शिरताना माझी नजर आधी तिकडे जाते.

आता डिसेंबर. नाताळ जवळ आला की इथे 'इट्स अ वंडरफुल लाइफ' लागतोच, आणि एकदा लावून मोकळे होत नाहीत, बरेच खेळ ठेवतात. या सिनेमाची हकिगत मला सिनेमाइतकीच आवडते. फ्रँक काप्राने १९४६ साली केला, जेम्स स्टुअर्ट नायक, आणि तेव्हा तिकीटखिडकीवर खर्चसुद्धा निघाला नाही. पुढे १९७४ साली त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं. मग अमेरिकेतल्या टीव्ही वाहिन्यांनी पैसे न देता दर नाताळात तो दाखवायला सुरुवात केली, आणि दाखवता दाखवता तो घराघरातला होऊन बसला. पडलेला सिनेमा तीस वर्षांनी लोकांच्या गळ्यातला ताईत झाला, तो केवळ पुन्हा पुन्हा समोर येत राहिला म्हणून. प्रिन्स चार्ल्समध्ये तो बघताना हे सारखं जाणवतं. माझ्या बाजूला एकदा साठीतले एक गृहस्थ बसले होते, कोट मांडीवर घडी घालून. शेवटच्या दृश्यात शेजारीपाजारी पैसे घेऊन घरात शिरायला लागले, तसा त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि शेजारच्या बाईंनी न बघताच त्यांच्या दंडावर हात ठेवला. दोघांनाही सिनेमा तोंडपाठ असणार. तरी रडू आलंच.

मी शक्यतो ३५ मिमीचा खेळ बघते. कार्यक्रमात प्रत्येक सिनेमापुढे तो फिल्मच्या प्रिंटवरून आहे की डिजिटल हे लिहिलेलं असतं, ते नीट वाचून तिकीट काढा. माझे थोरले मामा कोल्हापुरात एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, त्यांच्यामुळे हे वेड लागलं. एक रीळ साधारण वीस मिनिटांचं. दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी, एकावर रीळ चालू, दुसऱ्यावर पुढचं चढवून तयार. रीळ संपायच्या आठेक सेकंद आधी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. त्यावर ऑपरेटरने दुसरं मशीन चालू करायचं. मग अगदी शेवटी दुसरा ठिपका, त्यावर बदल. प्रेक्षकाला कळता कामा नये, हीच त्यातली कसब. सेकंदाला चोवीस चौकटी जातात आणि ठिपका असतो फक्त चार चौकटींपुरता, म्हणजे पापणी लवली की गेला. मामांनी लहानपणी मला तो टिपायला शिकवलं. इथे अंधारात तो दिसला की मला वर केबिनमध्ये कुणीतरी हातात काम घेऊन उभं आहे हे कळतं आणि फार बरं वाटतं. दर वेळी फोनवर मामांचा प्रश्न ठरलेला असतो: "प्रिंट कशी होती? घासलेली?"

७० मिमीचे खेळ हा इथला दुसरा मोठा सोहळा. दुप्पट रुंदीची फिल्म, त्यामुळे चित्रात सगळं इतकं स्वच्छ दिसतं की आपण नेमकं कुठे बघायचं हे क्षणभर कळत नाही. कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' इथे ७० मिमीवर अधूनमधून लागतो. तो मुळात ६५ मिमी निगेटिव्हवर चित्रित झालेला, आणि अशा निगेटिव्हची प्रिंट ७० मिमीवर काढतात, म्हणजे ही त्याची खरी मापं. सुरुवातीला पडदा काळा ठेवून संगीत वाजतं, मध्ये रीतसर मध्यंतर होतं. लॅपटॉपवर हा सिनेमा बघून "संथ आहे" म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्याला मी इथे आणलं. मध्यंतरात तो कॉफी घ्यायलासुद्धा उठला नाही. पुढचा खेळ जाहीर होईल तेव्हा सोडू नका.

गाण्यांचे खेळ वेगळे. 'साउंड ऑफ म्युझिक' पडद्यावर गाण्यांचे शब्द दाखवत प्रेक्षकांनी मिळून गायचा, ही प्रथा १९९९ साली इथे रुळली आणि मग जगभर गेली. नन होऊन आलेले पुरुष, सिनेमातल्यासारखे खिडकीच्या पडद्यांच्या कापडाचे कपडे शिवून आलेली कुटुंबं, सगळं बघायला मिळतं. नाताळात मपेट्सच्या 'ख्रिसमस कॅरल'चाही असा गाण्याचा खेळ असतो. मुलं असतील तर त्याला जा, गप्प बसा म्हणावं लागणार नाही. आणि मग 'द रूम'. टॉमी वायसोचा २००३चा सिनेमा, सगळ्याच बाजूंनी फसलेला, आणि इथे वर्षानुवर्षं गर्दी खेचणारा. त्यातल्या एका घरात चमच्याचा फोटो चौकटीत लावलेला आहे. तो दिसला की अख्खं थिएटर प्लास्टिकचे चमचे हवेत फेकतं. खुद्द वायसो इथे येऊन प्रेक्षकांशी बोलून गेला आहे. माझ्या इंग्रज सहकाऱ्यांना हा प्रकार विचित्र वाटतो. मला वाटत नाही. दादा कोंडके आले की पिटातून शिट्ट्या आणि पडद्यासमोर चिल्लर, हे मामांनी केबिनच्या झरोक्यातून बघितलंय आणि मला सांगितलंय. पडद्यावरच्या माणसाला आपण ऐकू जातो असं मानणारे प्रेक्षक सगळीकडे असतात. त्यांना जागा देणारी थिएटरं थोडी.

रात्रभराच्या मॅरेथॉनबद्दल एवढंच सांगते: घरचे कपडे, मोजे, उशी, डबा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिन्ही भागांच्या लांब आवृत्त्या एकामागोमाग म्हणजे अकरा तासांच्या वर मामला. अर्ध्यात उठावंसं वाटलं तर शुक्रवार-शनिवारी ट्यूबची नॉर्दर्न लाइन रात्रभर चालते. कॉलिंडेलला राहणाऱ्या आम्हाला ती लेस्टर स्क्वेअरहून थेट घरी आणते.

हे सगळं टिकेल का, ही काळजी मात्र खरी आहे. २०२५च्या जानेवारीत थिएटरने जाहीर केलं की भाडेकरार नव्याने करताना जागामालकाला त्यात एक कलम हवंय: पुनर्विकासाची परवानगी मिळाली की सहा महिन्यांच्या नोटिशीवर जागा रिकामी करायची. ज्या थिएटरचे कार्यक्रम काही महिने आधी ठरतात, ज्याला प्रिंट दूरदूरहून मागवाव्या लागतात, त्याने अशा टांगत्या तलवारीखाली चालायचं कसं? याचिका निघाली आणि बघता बघता लाखाहून जास्त सह्या झाल्या. मीही केली, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवली, कोल्हापुरातून मामेभावंडांनीही केली. पुढे वेस्टमिन्स्टर कौन्सिलने थिएटरला समाजाच्या दृष्टीने मोलाची वास्तू म्हणून यादीत घेतलं. याचा अर्थ इमारत कायमची वाचली असा होत नाही. मालकाने ती विकायला काढली तर स्थानिक संस्थांना ती घेण्यासाठी सहा महिने प्रयत्न करता येतात, इतकंच. करार, भाडं यावर त्याचा अंमल नाही. म्हणून तिकीट काढून खुर्चीत जाऊन बसणं हीच आपल्या हातातली गोष्ट.

या थिएटरचं प्रेक्षकांशी असलेलं नातं एका गोष्टीवरून मला नीट कळलं. २०२४च्या जूनमध्ये इथे एका सिनेमाचा पहिला खेळ होणार होता, ज्याची पटकथा चॅटजीपीटीने लिहिलेली होती. प्रेक्षकांनी तक्रारींचा पाऊस पाडला, आणि थिएटरने खेळ रद्द केला. रद्द करणं बरोबर होतं का यावर मतं असू शकतात. मला स्वतःला तो बघून मग भांडायला आवडलं असतं. पण प्रेक्षकांनी काही म्हटलं आणि त्यांचं ऐकलं गेलं, हे मोठ्या साखळी थिएटरांत घडताना मी पाहिलेलं नाही.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. मराठी सिनेमा लंडनमध्ये येतो तो रविवारी दुपारच्या एखाद्या खेळापुरता. मंडळातली माणसं आठवडाभर फोन करून खुर्च्या भरतात, खेळ संपतो, आणि तो सिनेमा या शहरातून कायमचा जातो. तिकडे तरी काय वेगळं आहे? २०१५ साली महाराष्ट्र सरकारला मल्टिप्लेक्सांना सांगावं लागलं की मराठी चित्रपटांना दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत खेळ द्या. वेळ मिळाली तरी शुक्रवारी लागलेला सिनेमा पुढच्या गुरुवारी उतरतो. काप्राचा सिनेमा त्या गुरुवारी उतरला असता तर आज डिसेंबरात कोण रडलं असतं? पहिल्या आठवड्यात ज्याला माणूस आला नाही त्याला दहा वर्षांनी, तीस वर्षांनी पुन्हा पडदा मिळण्याची सोय आपल्याकडे फिल्म सोसायट्यांनी केली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या नावाने सोसायटी आहे, आणि मी जगाचा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो दसरा चौकातल्या शाहू स्मारकात, तिच्याच महोत्सवात. पेंटर स्वतः आपल्या सिनेमांची पोस्टरं रंगवायचे आणि छायाचित्रं, माहिती असलेल्या पुस्तिका छापून लोकांना द्यायचे. शंभर वर्षांपूर्वी! भारतात १३००हून जास्त मूकपट बनले आणि त्यातले अगदी मोजके उरले. पुस्तिका उरल्या, सिनेमे गेले, अशीही उदाहरणं त्यात आहेत. पडद्यावर येत राहतो तोच सिनेमा सांभाळला जातो.

म्हणून मी प्रिन्स चार्ल्सच्या कार्यक्रम ठरवणाऱ्यांना सविस्तर पत्र लिहिलंय. तीन नावं सुचवली आहेत. पहिलं 'संत तुकाराम', दामले-फत्तेलालांचा, १९३६चा. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली गौरवला गेलेला, त्यामुळे इथल्या लोकांना ओळख करून द्यायला सोपा. दुसरं जब्बार पटेलांचा 'सामना', जो १९७५ साली बर्लिनच्या स्पर्धेत होता. डॉ. लागू आणि निळूभाऊ एकमेकांसमोर बसून बोलताहेत, मोठ्या पडद्यावर, तीनशे माणसांच्या हॉलमध्ये: मराठी न येणाऱ्या माणसालाही निळूभाऊंच्या नजरेतून सगळं कळेल याबद्दल मला शंका नाही. तिसरं 'श्वास', २००४चा. आजोबा-नातवाची ती गोष्ट मी हॉस्पिटलात काम करताना दर वर्षी नव्याने बघते.

असा खेळ लावायला तीन गोष्टी लागतात: दाखवण्याच्या हक्कांची परवानगी, चांगली प्रिंट किंवा डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत), आणि त्यावर नीट इंग्रजी सबटायटल्स. खुर्च्या भरायचं आपण बघू, ते आपल्याला जमतं. 'सामना'चे हक्क सध्या कुणाकडे आहेत आणि सबटायटल्स असलेली प्रत कुठे मिळेल हे कुणाला नक्की माहीत असेल, तर मला कळवा. 'वंडरफुल लाइफ'च्या ३५ मिमीच्या खेळाला कोण कोण येताय तेही सांगा, म्हणजे एका रांगेत बसता येईल.